आम्लाची वाटणी

घरात मला डॉक्टर म्हणायला सुरुवात झाली ती मी पीएच.डी.ला नाव नोंदवलं त्याच आठवड्यात. नोंदवलं म्हणजे नुसता फोटो चिकटवून अर्ज दिला होता. पण सासऱ्यांनी आळेफाट्यावरून पेढे आणले आणि आमच्या आळीत घरोघर जाऊन वाटले. मी म्हटलं, "मामा, अजून सुरूसुद्धा नाही झालं." ते म्हणाले, "सुरू व्हईलच की. पेढं काय, आज न्हाई तर उद्या वाटायचंच व्हतं."

मग जे व्हायचं ते झालं. शेजारच्या आजी गुडघा घेऊन आल्या. त्यांना सांगितलं, मी केमिस्ट्रीची डॉक्टर होणार, गुडघ्याची नाही. त्या म्हणाल्या, "आसू दे, पर बघ तर." मी गुडघा बघितला. गरम पाण्यानं शेका म्हटलं. दोन दिवसांनी त्या आनंदानं सांगत आल्या की लई फरक पडला, आणि त्यांच्यामागून एक माणूस जंत झालेलं मेंढरू घेऊन आला. शिक्षण नुसतं सुरू करूनच मी इतकी पुढं गेले होते.

गंमत सोडा. चाळिशी गाठलेल्या सुनेनं पुन्हा शिकायला बसायचं म्हटल्यावर भावकीत कुणालाच ते पटलं नव्हतं. जुन्नरच्या कॉलेजात शिकवतेच आहे, पगार येतोच आहे, मग पुण्याच्या फेऱ्या कशाला, असं चुलत सासरे चारचौघांत बोलले. तेव्हा आमचे हे, म्हणजे नवरा, चहाचा कप हातात धरून कपाकडेच बघत राहिले. बोलले ते सासरे. "तिला शिकायचंय तर ती शिकंल. तुमाला काय तरास हाय?" ज्यांच्या वडलांचा जन्म मेंढरांमागं गेला, जे स्वतः चौथीतून शाळा सोडून कांद्याच्या वाफ्यात उतरले, ते माझ्यासाठी सख्ख्या भावाशी वाकडे झाले. त्या दोघांचं बोलणं पुढं बरेच दिवस बंद होतं. हे सगळं माझ्या पाठीवर होतं, आणि त्या पाठीवर मी एक आम्ल घेऊन निघाले होते.

आम्लाचं आधी सांगते, म्हणजे पुढची माझी अक्कल नीट कळेल.

प्रयोगशाळेत मी जे आम्ल बनवत होते ते जुळं जन्माला येतं. एकाच्या अणूंची मांडणी आरशात धरली की दुसऱ्याची दिसते, डाव्या हातासमोर उजवा हात धरावा तशी. वजन तेच, वितळायचं तापमान तेच, विरघळतात त्याच पाण्यात. कोण कुठला हे सांगता येत नाही. औषधात मात्र बहुतेक वेळा एकच उपयोगाला येतो, दुसरा नुसता बसून खातो, नाहीतर उपद्रव करतो. म्हणून दोघांना वेगळं काढायचं. माझा सगळा प्रबंध एवढ्या एका वाटणीवर उभा होता.

ही वाटणी झाली का ते कळायला एक यंत्र असतं, पोलॅरिमीटर. नळीत द्रावण भरायचं, पलीकडून सोडियमच्या दिव्याचा पिवळा प्रकाश सोडायचा. दोघांतला एक तो प्रकाश डावीकडे वळवतो, दुसरा उजवीकडे. दोघं सारख्या प्रमाणात मिसळलेले असले की एक इकडं ओढतो, एक तिकडं, आणि काटा शून्यावर. वाटणी झाली तर काटा हलतो. तेवढंच मला हवं होतं. काटा हलायला हवा होता.

आणि वेगळं काढायचं कसं? त्यासाठी तिसरा आणावा लागतो. आम्लाला आम्लारी, म्हणजे बेस. आमच्या धंद्यात त्याला रिझॉल्व्हिंग एजंट म्हणतात. तो स्वतः एकाच हाताचा असायला हवा. समजा अंधारात चपलांचा ढीग पडलाय आणि तुम्हाला डाव्या-उजव्या निवडायच्यात. तर फक्त डावा पाय घालून बघत जा. जी नीट बसली ती डावी. जी चावली ती उजवी. तसा तो बेस एका आम्लाशी नीट बसतो, त्यांचा क्षार होतो आणि स्फटिक होऊन तळाला येतो. दुसऱ्याशी त्याचं जमत नाही, ते वर द्रावणात तरंगत राहतं. गाळून घेतलं की झालं. वाचायला किती सोपं आहे. मलाही वाचताना सोपं वाटलं होतं.

पण कुठला बेस? इथं खरी परीक्षा. याचं गणित नाही, सूत्र नाही. थोडे ठोकताळे आहेत: अंगानं ताठ असावा, लवचिक नसावा, आम्लाच्या जिथं डावं-उजवं ठरतं त्या जागेजवळ त्याला धरता यावं, नंतर परत मिळवता यावा, आणि मुख्य म्हणजे क्षाराचा स्फटिक व्हावा. बाकी सगळं नशीब. त्याच वर्षी घरात धाकट्या दिरासाठी मुली बघणं चाललं होतं आणि कॉलेजात मी आम्लासाठी बेस बघत होते. दिराला मुलगी आधी मिळाली.

माझे गाईड पुण्यात. सज्जन माणूस, पण फोनवर "हां" एवढंच बोलून दोन मिनिटं गप्प बसायची सवय. त्यांनी पहिलं स्थळ सुचवलं ते काजऱ्याच्या बियांमधून निघणारं, जुन्या लोकांचं आवडतं. नंबर एकचं विष. कॉलेजच्या खरेदी समितीनं नाव वाचूनच हात जोडले. घरी मी सहज बोलले तर सासरे जेवता जेवता थांबले. "काजरा? आमचा बाप मेंढरांला त्या झाडाचा पाला खाऊ देत नव्हता. तू कशाला हात लावतीस?" ते स्थळ तिथंच मोडलं.

दुसरं सिंकोनाच्या सालीतलं, हिवतापाच्या औषधाच्या नात्यातलं. घराणं उत्तम, हात एकच, किंमत जास्त पण थोडंसं मिळालं. मी ते आम्लाबरोबर अल्कोहोलात गरम केलं, हळूहळू थंड केलं, काचेच्या कांडीनं परीक्षानळीच्या आतून घासलं, कारण घासल्यावर स्फटिक धरतात असा आमच्यात समज आहे आणि बऱ्याचदा खराही. झाली ती काकवी. ॲसिटोनमध्ये काकवी, एथिल ॲसिटेटमध्ये काकवी. आमच्या भागातल्या गुऱ्हाळवाल्यानं बघितली असती तर चव घेतली असती. बाटली संपली आणि मी हात टेकले.

मग तिसरं. हे झाडाझुडपातलं नाही, कारखान्यात बनणारं. पातळ पाण्यासारखं, मासळीच्या वासाचं. त्या वासाचं मला काही वाटलं नाही, माझं माहेर डिंभ्याच्या धरणाशेजारचं. गाईड म्हणाले, हे बहुतेकांना चालतं, हे घे. कॉलेजचा नियम असा की काहीही घ्यायचं तर तिघांकडून दर मागवायचे. मागवले. दोघांनी असे दर सांगितले की मला वाटलं हे बाटलीबरोबर दुकान पण देतायत. तिसरा मात्र देवमाणूस निघाला. त्याचा दर या दोघांच्या पासंगालाही पुरत नव्हता.

आता मी आळ्याची सून. पहिला भाव मान्य करायचा हे आमच्यात बसत नाही. आठवडे बाजारात मेथीच्या जुडीसाठी मी बाईला रडवते. मी त्या तिसऱ्याला फोन लावला आणि म्हटलं, भाऊ, अजून काही कमी करा. त्यानं केलं. "मॅडम, माल नव्व्याण्णव टक्के शुद्ध आहे, डोळे झाकून घ्या," असंही म्हणाला. मी अगदी त्याच्या सांगण्याबरहुकूम डोळे झाकून घेतलं. प्राचार्यांनी मीटिंगमध्ये माझं उदाहरण दिलं, की बघा, कॉलेजची पै न पै वाचवणारी माणसं अशी असतात. मी दोन दिवस स्टाफरूममध्ये नाक वर करून वावरले.

आणि स्फटिक आले. काय सांगू. पहिल्याच नळीत, पहिल्याच थंड होण्यात. लांब, पांढरे, चकाकणारे. मी एस.वाय.च्या मुलींना बोलावून दाखवले. शिपायाला दाखवले. मोबाइलवर फोटो काढून नवऱ्याला पाठवला, त्यांनी अंगठा पाठवला. स्फटिक गाळले, धुतले, त्यातून आम्ल मोकळं केलं, वाळवलं, नळीत भरलं, डार्करूममध्ये जाऊन दिवा लावला. सोडियमचा दिवा सुरुवातीला गुलाबी असतो, मग पिवळा होतो. तो पिवळा होईपर्यंत मी गाईडना फोनवर काय सांगायचं ती वाक्यं जुळवली. डोळा लावला.

शून्य.

पुन्हा केलं. शून्य. विद्रावक बदलला, स्फटिक आणखी सुंदर आले, शून्य. आता स्फटिक इतके देखणे होते की दोष माझ्यात किंवा त्यांच्यात असणं शक्यच नव्हतं. मग मी दोष द्यायला माणसं आणि वस्तू शोधल्या. आधी पोलॅरिमीटर म्हातारा झालाय म्हटलं. त्यात साखरेचं पाणी घालून बघितलं तर काटा पुस्तकात लिहिल्यासारखा वळला. मग विजेच्या दाबाला शिव्या घातल्या. मग कॉलेजच्या डिस्टिल्ड वॉटरला. मग परीक्षानळ्या धुणाऱ्या मावशींना, त्या बिचाऱ्या साबण जास्त लावतात म्हणून. पावसाळ्यात दमटपणाला बोल लावला, उन्हाळ्यात उन्हाला. पुढं पुढं तर मला वाटायला लागलं की हे आम्लच एकत्र कुटुंबात वाढलेलं आहे, त्याला वाटणी नकोच आहे. हे मी गाईडना फोनवर बोलूनही गेले. ते "हां" म्हणाले आणि गप्प बसले.

असे महिने गेले, मुदतवाढी घेतल्या. शेवटची मुदतवाढ डिसेंबरअखेरची. तोपर्यंत काटा हलल्याचा पुरावा विद्यापीठात दिला तर ठीक, नाहीतर नोंदणीच रद्द. रद्द म्हणजे रद्द, पुन्हा पहिल्यापासून, आणि पहिल्यापासून करायला ना वय होतं ना तोंड.

तेवढ्यात दिराच्या लग्नाची तारीख निघाली, तीही नेमकी जानेवारीच्या सुरुवातीची. पत्रिका छापायला सासरे स्वतः जुन्नरला गेले. परत आले ते गठ्ठा बगलेत धरून, चेहऱ्यावर मावत नव्हतं असं हसू. एक पत्रिका काढून माझ्या हातात दिली. खाली निमंत्रकांची नावं, त्यात माझं. आणि नावाआधी छापलेलं: डॉ. सौ.

"पोरगं इचारत व्हतं छापखान्यातलं, सौ. आदी का डॉ. आदी," सासरे म्हणाले. "म्या म्हनलं डॉक्टर आदी. सौभाग्यवती काय समद्याच हायेत."

मी म्हटलं, "मामा, अजून झालेले नाही मी."

"लग्नाच्या टायमाला व्हशील की. तूच म्हनली डिसेंबरात हाय."

मी म्हटलं होतं डिसेंबरात मुदत संपते. त्यांनी ऐकलं होतं डिसेंबरात संपतं. आणि त्यातही, पुरावा स्वीकारला गेला तरी प्रबंध, तोंडी परीक्षा, सगळं पुढं वर्षभराचं काम होतं. मी त्यांना ते तेव्हाच समजावून सांगायला हवं होतं. पण ते पत्रिकेवरून अंगठा फिरवत होते, आणि मला धीर झाला नाही. त्या पत्रिका ज्यांच्या घरी जाणार होत्या त्यात चुलत सासऱ्यांचं घर पहिलं होतं. उद्या नोंदणी रद्द झाली तर भर मांडवात कुणीतरी विचारणार, काय डॉक्टरीणबाई, कुठवर आलं. मला विचारलं असतं तर मी उत्तर दिलं असतं, तोंडाला मी कमी नाही. पण विचारणार होते ते सासऱ्यांना.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली आणि स्वभाव, जो मुळातच फार गोड नाही, तो पार बिघडला. प्रॅक्टिकलला एका मुलीनं ब्युरेट फोडलं तर मी तिला एवढं बोलले की ती रडली. नंतर तिला चहा पाजला. त्या चहाच्या वेळीच गाईडचा फोन आला. या वेळी ते "हां" म्हणून थांबले नाहीत, त्यांनी एक प्रश्न विचारला.

"त्या बेसचं स्वतःचं रोटेशन किती आलं होतं?"

मला वाटलं मी कॅन्टीनच्या बाकावरून खाली पडते. म्हणजे, ज्याच्या जोरावर आम्लाचे हात ओळखायचे, तो स्वतः कुठल्या हाताचा हे यंत्रात घालून बघितलं होतं का? ही पहिली पायरी. ही मी दरवर्षी पोरांना फळ्यावर लिहून देते. खाली रेघ मारते.

"बघून सांगते, सर," मी म्हटलं, आणि चहा तसाच टाकून डार्करूममध्ये गेले. दिवा गुलाबी, मग पिवळा. नळीत तो मासळीच्या वासाचा बेस. डोळा लावला.

शून्य.

देवमाणसानं मला दोन्ही हातांचं मिश्रण पाठवलं होतं. त्याचं काही चुकलं नव्हतं. माल नव्व्याण्णव टक्के शुद्धच होता, डावा आणि उजवा मिळून. तो तसाच बनतो, म्हणून स्वस्त असतो. त्याचे हात वेगळे करायला कष्ट पडतात, म्हणून ते दोघे महाग सांगत होते. मी चपलांच्या ढिगात दोन्ही पाय घेऊन उतरले होते. मग काय, प्रत्येक चप्पल कुठल्या ना कुठल्या पायाला नीट बसत होती. म्हणून तर ते स्फटिक इतके देखणे येत होते. आणि त्यावर मी भाव आणखी पाडून घेतला होता. वाटणी करायला मी पंच बोलावला तो असा, दोन्ही भावांच्या बाजूनं बोलणारा, आणि निकाल लागत नाही म्हणून वर्षभर मावशींच्या साबणाला शिव्या दिल्या. मावशींची मी त्याच दिवशी माफी मागितली. कशाबद्दल ते त्यांना कळलं नाही, त्यांना वाटलं मी आजारी आहे.

खरा माल मिळायला वेळ नव्हता. पण माझी एक मैत्रीण आहे, जुन्नरची, बाजारपेठेत त्यांचं पिढ्यान्‌पिढ्या कापडाचं दुकान. आम्ही एम.एस्सी.ला एका बाकावर होतो. ती आता औषधांच्या कंपनीत आहे. तिला फोन केला आणि सगळं सांगितलं. ती इतका वेळ हसली की मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाली, "अगं, तू बाजारात भाव करतेस ते मला माहीत होतं. डाव्या-उजव्यातसुद्धा केलास?" पण साहेबांची परवानगी काढून तिनं एक छोटी बाटली मिळवली आणि सुट्टीला माहेरी आली तेव्हा दुकानाच्या गादीवर बसून माझ्या हातात ठेवली. "आधी रोटेशन बघ," म्हणाली. मी तिच्याकडे असं बघितलं की ती पुन्हा हसायला लागली.

बघितलं. काटा टाचणी टोचल्यासारखा उडाला. एकच हात, शंभर टक्के.

आता सगळं सुरळीत व्हायला हरकत नव्हती. पण नाही. खरा बेस घातला आणि स्फटिकांनी संप केला. पुन्हा काकवी. ज्या खोट्या बेसनं मला महिनोन्‌महिने हिरे-मोती दिले, त्याच्या खऱ्या भावानं चिकट घाण दिली. अल्कोहोल, ॲसिटोन, दोघांचं मिश्रण, थोडं पाणी घालून, न घालता. नळ्यांचा स्टँड भरला. घासून घासून कांडीचं टोक झिजलं. डिंभ्याला एसटीची वाट बघत लहानाची मोठी झालेली बाई मी, वाट बघण्यात मला कुणी हरवू शकत नाही असं मला वाटायचं. त्या डिसेंबरात मी हरले.

एका सकाळी, पत्रिका वाटायला दुसऱ्या दिवसापासून सुरुवात करायची असं घरात ठरलं होतं, तेव्हा मी सासऱ्यांपाशी गेले. ते गाईला वैरण टाकत होते. मी म्हटलं, "मामा, ते माझं काही होईलसं वाटत नाही. मुदत संपत आली. तुम्हाला सांगायला हवं म्हणून सांगते."

त्यांनी वैरणीची पेंढी सोडली. "बरं," म्हणाले. मग म्हणाले, "डबा घेतला का?" मी हो म्हटलं आणि एसटीला गेले. संबंध रस्ताभर मला त्यांचा राग आला. ओरडले असते तर बरं झालं असतं. मग स्वतःचा आला, आणि तो जुन्नर येईपर्यंत पुरला.

कॉलेजात गेले ती सगळं आवरून टाकायचं ठरवूनच. नळ्या एकेक करून बेसिनमध्ये ओतायला घेतल्या. स्टँडच्या मागच्या रांगेत एक नळी होती, तिला बूच नसल्यानं मी कापसाचा बोळा लावला होता आणि विसरले होते. कापसातून अल्कोहोल हळूहळू उडून गेलं होतं. काकवीच्या तळाशी काहीतरी बारीक, पांढरं, खरखरीत बसलं होतं. देखणं अजिबात नव्हतं. मिठाच्या ओल्या खड्यांसारखं.

मी खुर्चीवर बसले. मग उठले. त्यातलं कणभर काढून बाकीच्या नळ्यांत टाकलं, विरजण घालावं तसं, आणि दुपारपर्यंत त्या एकेक करून गढूळ झाल्या आणि तळाला धरल्या. गाळलं, गार अल्कोहोलानं धुतलं, आम्ल मोकळं केलं, पंख्याखाली वाळवलं. तास घ्यायला गेले नाही, डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. डार्करूममध्ये दिवा गुलाबी, मग पिवळा. मला डोळा लावायची भीती वाटत होती, हे लिहायला लाज वाटत नाही.

वर्तुळाचा एक अर्धा उजळ होता आणि एक काळा. दोन्ही सारखे करायला मला चकती वळवावी लागली. डावीकडे. आणखी डावीकडे. काटा शून्यापासून लांब जाऊन थांबला.

मी गाईडना फोन केला. आकडा सांगितला. ते "हां" म्हणाले आणि गप्प बसले, मग म्हणाले, "शाब्बास. उद्या घेऊन या, सही करतो. मुदतीत बसतंय." मी फोन ठेवला आणि त्या अंधाऱ्या खोलीत एकटी मोठ्यानं रडले. कुणी ऐकलं नाही, बाहेर बी.ए.च्या पोरांचे स्नेहसंमेलनाचे ढोलताशे चालले होते.

संध्याकाळी घरी पोहोचले तर सासरे पडवीत सतरंजी टाकून बसले होते. एका बाजूला पत्रिकांचा गठ्ठा, पुढ्यात दोन वाट्या, हळदीची आणि कुंकवाची, पाण्यात कालवलेली. पत्रिका वाटण्याआधी चारी कोपऱ्यांना हळद-कुंकू लावतात, तेच चाललं असणार म्हणून मी चपला काढल्या आणि जवळ गेले. चार कोपरे झाले. मग त्यांनी पत्रिका उघडली, चष्मा नाकावर नीट केला, करंगळी कुंकवात बुडवली आणि आत, खाली, नावांच्या रांगेत एक ठिपका दिला. अगदी जपून. माझ्या नावाआधीच्या डॉ.वर. कुंकवाखाली ते अक्षर पार नाहीसं झालं. बघणाऱ्याला वाटलं असतं, लावताना म्हाताऱ्याचा हात हलला.

"मामा, हे काय करताय?"

ते दचकले. "काय न्हाई. कुकू लावतोय." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सकाळी तू म्हनलीस न्हवं. आता पुन्यांदा छापायला टाईम न्हाई. म्हनलं मांडवात कुनी तुला काय बोलाया नको. तू तापट, उगा शबुद वाढंल." पुढची पत्रिका घेतली. "सौ.ला हात न्हाई लावला."

बाजूला झालेल्या पत्रिकांची चळत होती. सगळी दुपार ते हेच करत बसले होते. करंगळीपासून मनगटापर्यंत हात लाल झाला होता. मी इतके दिवस या माणसाला मान खाली घालायला लागू नये म्हणून धडपडत होते, आणि ते इकडं बसून मला ती घालायला लागू नये म्हणून स्वतःचीच हौस एकेका बोटानं पुसत होते.

"मामा," मी म्हटलं, "आज आलं. दुपारी. काटा हलला. सर म्हणाले, मुदतीत बसतंय."

त्यांची करंगळी पत्रिकेच्या वरच थांबली. "म्हंजी झालीस तू डॉक्टर?"

"नाही. अजून लिहायचंय. मग परीक्षा. वर्ष तरी लागेल. पण होईन."

ते हसायला लागले, आणि मग त्यांची नजर त्या झालेल्या चळतीवर गेली आणि हसू गेलं. "मंग म्या उगाच..." म्हणाले. "लई झाली गं पोरी. समदी झाकून टाकली." चळतीतली वरची पत्रिका उचलून ते कुंकवाचा ठिपका नखानं खरवडायला लागले. कागद फाटायला लागला.

मी त्यांच्या हातातून ती काढून घेतली. त्यांच्यासमोर सतरंजीवर बसले, पर्स बाजूला टाकली, न लावलेल्या गठ्ठ्यातली एक पत्रिका उघडली, बोट कुंकवात बुडवलं आणि स्वतःच्या नावाआधी दाबलं. डोळ्यांतून पाणी येत होतं ते पुसायला दुसरा हात होता, पण पुसलं नाही.

"खोटं कशाला वाटायचं, मामा. झाल्यावर छापू," मी म्हटलं आणि दुसरी उघडली.

त्यांनी पुन्हा चष्मा नीट केला. मग कुंकवाची वाटी दोघांच्या मध्ये सरकवली.

"जरा बारीक लाव," म्हणाले. "सौ. झाकतीयस."